पान त्रेसष्टवरचा काठ

२ जुलै

बारक्या,

आणि वर परीक्षेच्या ऑफिसातले मलाच सांगतात, "बाई, पुस्तक नीट वाचत जा!" अरे, नीट वाचलं म्हणून तर भांडतेय. त्या पुस्तकाची शिलाई उसवली माझ्या हातात. सोडा आणि साबणाने सोललेल्या बोटांनी उलटून उलटून पानांचे कोपरे काळे पडले. निकाल काय, तर समाजशास्त्रात, म्हणजे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र मिळून, एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. भाषेत पास, गणितात पास, विज्ञानात तर छप्पन्न. आणि एकोणपन्नास वर्षं या समाजात काढून मी समाजशास्त्रात नापास.

तू माझी पत्रं अर्धी वाचतोस, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला सोळा वर्षं झाली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं माझ्या हाताखालून जातं. यंदा वरून कागद आला की आठवी पास असेल त्यालाच कायम करणार. मेट्रनबाई म्हणाल्या, "ऑगस्टअखेर दाखला आणा, तोवर जागा धरून ठेवते. पुढे माझा इलाज नाही." मी चौथीतून उठलेली. का उठले ते तुला माहीत आहे. म्हणून बाहेरून आठवीला बसले. आमच्या वॉर्डातली छोटी सिस्टर जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलावर बसून मला शिकवायची. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण चुकलं की फुटपट्टी आपटायची.

अर्ज देऊन पेपर पाहून आले. पाच मार्कांचा प्रश्न होता, चित्रासकट. नदी वळण घेते तिथे कोणता काठ झिजतो आणि कोणत्या काठावर वाळू साचते? मी लिहिलं, बाहेरचा काठ झिजतो, आतल्या काठावर वाळू साचते. लाल शाईने भोपळा! पुस्तक उघडून पाहिलं तर पान त्रेसष्टवर खरंच उलटं छापलंय, आतला झिजतो म्हणून. मी पाठ करताना ते पान वाचलंच नव्हतं. म्हटलं, हे काय वाचायचं, हे मला येतं.

चित्र पाहिलंस तर हसशील. वळणाच्या बाहेरच्या बाजूला घर काढलंय, कौलारू. समोर आतल्या वाळूवर कपडे धुवायचा दगड आणि दोन काठ्यांना बांधलेली दोरी. दगडाचा कोपरा उडालेला. असा एक दगड मी पाहिलाय, पण दगडासारखे दगड असतात. आणि घराच्या बाजूला बाण मारून लिहिलंय, इथे भर पडते. भर पडली असती तर आज आपलं अंगण कोसभर झालं असतं.

तू पुस्तकांच्या ऑफिसात एवढा मोठा माणूस. ज्या शहाण्याने हे पान लिहिलं त्याला हुडकून काढ, त्याचा कान धर आणि नदीवर आणून उभा कर. बाकी मी बघते.

ताई

११ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. मार्क ऐकून फार वाईट वाटलं. या वयात तू परीक्षेला बसलीस याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. ऑफिसात मी दोघातिघांना सांगितलंसुद्धा, अर्थात नातं न सांगता.

पानाबद्दल म्हणशील तर पाठ्यपुस्तक हे कुणा एकाचं काम नसतं. ते सामूहिक असतं. आधी मसुदा होतो, त्यावर चर्चा होते, मग सुधारित मसुदा, त्यावरही चर्चा, आणि मग अंतिम मसुदा. अमुक ओळ अमक्याने लिहिली असं सांगता येत नाही. मलाही नक्की माहिती नाही. इथे सात जणांची समिती असते आणि सगळे अनुभवी असतात.

तुला एक मनापासून सांगू? परीक्षेत आपल्याला काय ठाऊक आहे ते लिहायचं नसतं, पुस्तकात काय आहे ते लिहायचं असतं. पुढची परीक्षा मार्चमध्ये आहे. पान त्रेसष्ट जसंच्या तसं पाठ कर. पाच मार्क कुठेच जात नाहीत.

तब्येत सांभाळ. सोड्याच्या पाण्यात हात घालताना मोजे वापरतेस ना?

तुझा,
बारक्या

१७ जुलै

बारक्या,

मोजे वापरते. फाटके.

मार्च? ऑगस्ट नावाचा महिना तुमच्या ऑफिसच्या कॅलेंडरात नाही का? मेट्रनबाई मार्चपर्यंत जागा धरून ठेवणार नाहीत. सप्टेंबरपासून लाँड्री कंत्राटदाराकडे जाईल आणि मी त्याच्या मर्जीवर. सोळा वर्षं, बारक्या. तुझं वाक्य जसंच्या तसं पाठ करून काय चादरीत गुंडाळू?

ऐक आता मी काय केलं. नागरिकशास्त्र मला फार आवडलं, कारण त्यात मी आहे. "नागरिक" असं लिहिलं असलं तरी वाचताना कळतं की आपल्याचबद्दल चाललंय. पान एक्केचाळीसवर लिहिलंय की कुठल्याही कार्यालयाच्या चुकीबद्दल नागरिक लेखी अर्ज करू शकतो आणि कार्यालयाने पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायला हवं. खाली नमुना अर्जही दिलाय. त्यावरून मी अर्ज उतरवून काढला आणि परीक्षेच्या ऑफिसात गेले. तिथे खिडकीशी एक जाड चष्मेवाला बसतो, जणू खिडकीसकटच बांधलाय.

म्हणाला, "बाई, नमुना उत्तरात आतला काठ आहे."

"पण झिजतो बाहेरचा."

"तुम्ही पाहिलंय?"

"माझं घर गेलंय त्यात."

"घर गेल्याचा दाखला आणलाय?"

मी म्हटलं, "तो नदीकडे आहे. शिक्का मारायचा राहिलाय."

मागच्या रांगेत हशा पिकला. त्याला काही हसू आलं नाही. म्हणाला, "हे पाहा, तपासणारे नमुना उत्तराप्रमाणे तपासतात. नमुना उत्तर पुस्तकाप्रमाणे असतं. पुस्तक मंडळाचं असतं. मंडळाने लेखी दिलं की पुस्तक चुकलंय, तर आम्ही त्याच दिवशी तुमचे पाच मार्क वाढवू." मी विचारलं, "आणि मंडळ कुणाप्रमाणे असतं?" तर त्याने खिडकी लावून घेतली. जेवणाची वेळ झाली म्हणे. सव्वाअकराला!

म्हणजे गाडं फिरून तुझ्याच दारात आलं. एक कागद हवाय. शिक्का, सही, "पान त्रेसष्टवर चूक झाली आहे." बस. तुमच्याकडे कागदाला तोटा नाही.

आणि तू जे म्हणतोस ना, ठाऊक आहे ते लिहायचं नाही, ते मला पेपर पाहून कळलंच. इतिहासात प्रश्न होता, मध्ययुगात किल्ले उंचावर का बांधत? मी लिहिलं, शत्रू लांबून दिसावा आणि त्याला चढता येऊ नये. दोन मार्क. पुढे एक ओळ जास्तीची लिहिली की वर पाणी कोण वाहून नेत असे ते पुस्तकात दिलेलं नाही. तिला लाल गोल, शेजारी "अनावश्यक". राजवाड्याची लांबी, रुंदी, दरवाजे, खिडक्या सगळं दिलंय. धुणं कुठे वाळत घालायचे ते नाही. एवढे झगे घालणारी माणसं, आणि चारशे वर्षांत कुणी एक कपडा धुतला नाही?

दुसरा प्रश्न, मध्ययुगीन समाजाची उतरंड सांगा. वर राजा, खाली सरदार, त्याखाली शिपाई, तळाला कष्टकरी. तेही बरोबर लिहिलं. पण पुस्तकातलं शेवटचं वाक्य, "आज अशी उतरंड उरलेली नाही," ते काही माझ्या हाताने लिहवेना. त्या दिवशी सकाळीच मोठ्या डॉक्टरांनी मेट्रनबाईंना झापलं होतं, मेट्रनबाईंनी हेड सिस्टरला, हेडने छोट्या सिस्टरला आणि ती बिचारी रडत लाँड्रीत आली. माझ्याखाली कुणीच नाही, म्हणून मी चादर जोरात आपटली. चारपैकी दोन मार्क.

हे सगळं सोडलं. फक्त नदीचे पाच दे. आपलं घर आठवतं ना तुला?

ताई

२८ जुलै

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला. ऑफिसात सध्या फार धावपळ आहे. आमचे प्रमुख निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागेसाठी सव्वीस ऑगस्टला मुलाखती आहेत. माझंही नाव पुढे आहे. अजून कुणाला सांगू नकोस.

म्हणूनच एक विनंती. मंडळाकडे अर्ज करू नकोस. आपलं माहेरचं आडनाव तू अजून लावतेस, ते इथे लगेच लक्षात येईल. लोक काय म्हणतील, याच्या बहिणीला आठवी निघत नाही म्हणून पुस्तक बदलायला निघालेत!

शिवाय शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर प्रश्न तितका सरळ नाही. विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट प्रकारच्या खडकात आतला काठही झिजू शकतो. पुस्तकात ती परिस्थिती दिलेली नाही, इतकंच. आणि चित्रं आधी छापून झाली होती, त्यामुळे मजकूर नंतर त्यांना जुळवून घ्यावा लागला. अशा गोष्टी बाहेरून दिसतात तितक्या सोप्या नसतात.

मी तुझ्या मोठ्या डॉक्टरांना फोन करू का? ओळखीने जागा मार्चपर्यंत धरता येईल. घर अर्थातच आठवतं.

तुझा,
बारक्या

२ ऑगस्ट

बारक्या,

घर आठवतं म्हणतोस.

तुझं पत्र छोट्या सिस्टरला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, चित्रं आधी छापली आणि मजकूर नंतर बदलला, हे यांना कसं माहीत? यांना तर नक्की माहिती नव्हती ना?" पोरगी हुशार आहे. मग तिने पुस्तक घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. ते पान मी कधी वाचलंच नव्हतं, परीक्षेला नव्हतं म्हणून. बारीक अक्षरात समितीची सात नावं. त्याखाली आणखी बारीक, पाठ सातवा, नदीचे कार्य, लेखन आणि कच्चे चित्र. आणि पुढे तुझं नाव. डिग्र्यांसकट.

मी चष्मा पुसून परत पाहिलं. मग पान त्रेसष्ट काढून तो दगड पाहिला. डाव्या कोपऱ्यातून उडालेला. त्याच्यावरच तुझी हनुवटी फुटली होती, मी परकर फाडून बांधली होती. दोरीच्या काठ्यासुद्धा तशाच आहेत, एक सरळ आणि एक वाकडी. दगड तू बरोबर काढलास, दोरी बरोबर काढलीस, घरावरची कौलंसुद्धा मोजून काढलीस. आणि नदी विसरलास?

डॉक्टरांना फोन करू नकोस. कान धरून कुणाला आणायला सांगितलं होतं मी तुला, ते आठवून मला लाज वाटते. माझी नाही, तुझी.

खरं काय ते लिही. मसुदा नको.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. तू म्हणशील हाही मसुदाच. असू दे.

नदी मी विसरलो नव्हतो. माझ्या हातच्या चित्रात बाण बरोबर होते आणि मजकूरही बरोबर होता, बाहेरचा काठ झिजतो म्हणून. चित्रकाराने पक्कं चित्र काढताना दोन्ही बाण अदलाबदल करून टाकले. रंगीत पानं आधी छापायला जातात, ती गेली. मजकुराची पानं आली तेव्हा चूक दिसली. मी बैठकीत सांगितलं. प्रमुख म्हणाले, "चित्र आता बदलता येत नाही. वाक्य बदलता येतं. चित्राशी वाक्य जुळलं पाहिजे, नाहीतर पालक तक्रारी करतील." मी म्हटलं, "पण मग नदीशी जुळणार नाही." तेव्हा ते म्हणाले, "मुलांना परीक्षेत लिहायचंय, नदीकाठी घर बांधायचं नाहीये." सगळे हसले. मीही हसलो, ताई. हसत हसत सही केली. चहा आला होता.

त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत एका मुलाने, एका मास्तराने, एका पालकाने पत्र पाठवलं नाही. मला वाटलं, कुणी त्या पानाकडे पाहतच नसेल. दर वर्षी लाखभर मुलं आतला काठ लिहून पाच मार्क घेतात. पहिली तक्रार तुझी आली.

आता मुलाखत सव्वीसला आहे. चुकीचं पान माझ्या नावावर असताना आत्ताच मी हात वर केला तर ही जागा गेलीच, आणि आहे तीही डळमळेल. सव्वीस तारीख जाऊ दे. प्रमुख झालो की पहिली सही त्याच कागदावर करीन. तू सांगशील ते करीन. तेवढं थांब. आजवर माझ्यासाठी तू इतकं केलंस, एवढं एक आणखी.

बारक्या

१३ ऑगस्ट

बारक्या,

खरं लिहिलंस. मार्क द्यायचे असते तर पाचपैकी तीन दिले असते. दोन कापले, शेवटच्या वाक्याचे.

तू प्रमुख होशील सव्वीसला. मग हार, मग खुर्ची, मग नवी किल्ली, मग "ताई, नव्या जागेवर लगेच असं बरं दिसत नाही." मी ओळखते तुला. अंघोळीलासुद्धा तू "एवढं झालं की येतो" म्हणायचास आणि मी तुला उचलून पाण्यात टाकायचे. आणि कागद सत्ताविसाला निघाला तरी तो माझ्या हातात कधी पडायचा, खिडकीवाला कधी उठायचा, दाखला कधी लिहायचा? तुझं पत्रच मला तीन-चार दिवसांनी मिळतं. ऑगस्ट एकतीसच दिवसांचा असतो. हे मला पुस्तक न वाचताही येतं.

"एवढं एक आणखी." हे मी आधीही ऐकलंय. घर गेलं त्या दिवशी दुपारी तू शाळेत होतास. मी घरी होते, आईने ताप आलाय म्हणून ठेवून घेतलं होतं. ताट वाढलेलं होतं. आधी मागचं अंगण गेलं, आवाज न करता, जसं कुणी चादर ओढून घ्यावी तसं. मग मोरी. मग आई ओरडली आणि आम्ही ताट टाकून पळालो. तुझं दप्तर शाळेत होतं म्हणून वाचलं. माझं खुंटीवर होतं. नवी पुस्तकं एकाचीच आणता येणार होती. बाबा मला म्हणाले, "तो लहान आहे, त्याचं होऊ दे. तू एवढं एक कर." मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून कपडे आपटतेय. याचं मला कधी दुःख नव्हतं, खरंच सांगते. लोकांना सांगायचे, माझा भाऊ पुस्तकं लिहितो.

म्हणजे हिशेब असा झाला. बाहेरचा काठ खचला म्हणून माझी शाळा सुटली. त्या शाळेच्या जोरावर तू पुस्तक लिहिलंस, की तो काठ खचतच नाही. आणि ते मान्य केलं नाही म्हणून मी नापास. नदीने एकदाच नेलं रे. तुम्ही दर वर्षी नवीन छापता.

तुमच्या प्रमुखांना सांग, मुलांना घर बांधायचंय. सगळ्यांनाच कधीतरी बांधायचं असतं. लाखभर मुलं, चार वर्षं. त्यातलं कुणी वळणावर स्वस्त जागा बघायला जाईल आणि म्हणेल, बाहेरच्या बाजूला घेऊ, तिथे भर पडते. पुस्तकात आहे.

तुझ्या जागेचं काय होईल मला माहीत नाही. बहुतेक वाईट होईल. ते मला कळतं, मी दगड नाही. पण तुझी खुर्ची गेली तर तुझ्याकडे डिग्र्या राहतात. माझी लाँड्री गेली तर माझ्याकडे सुरकुतलेले हात राहतात. त्यामुळे या वेळी "एवढं एक" तू कर. माझ्याकडचं संपलं.

सोबत अर्ज जोडलाय. पान एक्केचाळीसच्या नमुन्याप्रमाणे, समास सोडून, माझ्या आडनावासकट. त्याच्या दोन प्रती काढल्यात. एक तुला, कारण पाठ तू लिहिलास. दुसरी समितीच्या बाकीच्या सहा जणांसाठी पाकिटात घालून ठेवलीय, तिकीट लावून. ती टाकायची की फाडायची हे तुझ्या उत्तरावर. नागरिकशास्त्राचा धडाही तुमच्याच समितीने लिहिलाय, म्हणजे पंधरा दिवस लागतात. पण मला एवढे दिवस नाहीत आणि तू घरचा आहेस, म्हणून सातच देते.

लांबलचक पत्र नको. ऑफिसच्या कागदावर, शिक्का मारून, डिग्र्यांसकट सही करून उत्तर लिही. पुस्तकात बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

प्रश्न पहिला. नदीच्या वळणावर कोणता काठ झिजतो? एका वाक्यात लिहा. गुण पाच.

उत्तर मंगळवारी, वीस ऑगस्टला, दुपारच्या टपालाने माझ्या हातात हवं. मी लाँड्रीच्या दारात उभी असेन.

ताई